उपाहारगृहाची जाहिरात आणि वैद्याचे नाव

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात एक नवा अभ्यागत येऊ लागला आहे. तो रुग्ण नसतो आणि औषध कंपनीचा प्रतिनिधीही नसतो. तो गावातील एखाद्या उपाहारगृहाचा मालक असतो. बाहेरच्या बाकावर तो रुग्णांसमवेत शांतपणे बसून राहतो, आपली पाळी आली की आत येतो, नमस्कार करतो आणि मोबाइल पुढे करून म्हणतो, "वैद्यराज, आम्ही आयुर्वेदिक थाळी सुरू केली आहे. एक मिनिट दोन शब्द बोला. व्हिडिओ करून इन्स्टाग्रामवर टाकतो. आपलेही नाव होईल."

असा अभ्यागत दारी आला असता वैद्याने काय करावे, हा या लेखाचा विषय आहे. उपाहारगृहाने समाजमाध्यमांवर आपली जाहिरात कशी करावी, हा प्रश्न वरकरणी आपल्या त्रैमासिकाच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु त्या जाहिरातीत आयुर्वेदाचे नाव आणि वैद्याचा चेहरा येऊ लागला, त्या दिवशीच तो आपल्या अंगणात आला आहे. प्रस्तुत लेखकाने या बाबतीत एक चूक केलेली आहे. ती पुढे यथास्थित सांगणार आहे, म्हणजे हे विवेचन केवळ परोपदेशाच्या सदरात पडणार नाही.

माध्यमाचे स्वरूप

आधी उपाहारगृहवाल्याची बाजू समजून घेतली पाहिजे. एके काळी खानावळीची कीर्ती तोंडोतोंडी पसरत असे. दारावरची पाटी, नेहमीच्या गिऱ्हाइकाने पाहुण्याला सोबत आणणे आणि सणासुदीला स्थानिक वृत्तपत्रातील छोटी जाहिरात, एवढीच त्याची साधने होती. फेसबुक २००४ मध्ये, यूट्यूब २००५ मध्ये आणि इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले. २००८ मध्ये फूडीबे या नावाने आरंभ झालेले झोमॅटो पुढे घरोघरी पोहोचले. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने आपल्या देशात रील ही लघुचित्रफितीची सोय उपलब्ध करून दिली. तो टाळेबंदीचा काळ होता. भटारखाने थंड पडले होते, आचारी गावी निघून गेले होते आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबले नव्हते. अशा वेळी ज्या साधनाला जवळजवळ खर्च नाही, ते मालकांनी आपलेसे केले, यात दोष देण्यासारखे काही नाही.

या माध्यमाचे सामर्थ्यही मोठे आहे. दादरच्या आस्वाद उपाहारगृहाची मिसळ २०१५ मध्ये फूडी हबच्या पुरस्कारांत जगातील उत्कृष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून निवडली गेली, तेव्हा ती बातमी हातोहाती फिरली आणि आपल्या घरगुती न्याहारीच्या पदार्थाकडे लोक नव्या कौतुकाने पाहू लागले. चांगल्या पदार्थाची वार्ता दूरवर जावी, हे आनंदाचेच आहे.

परंतु या माध्यमात जिभेची साक्ष लागत नाही, डोळ्यांची पुरते. २०१७ मध्ये लंडनमध्ये ऊबा बटलर या पत्रकाराने डलिच भागातील आपल्या बागेतल्या झोपडीवजा खोलीची उपाहारगृह म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर नोंदणी केली. तेथे स्वयंपाक होत नव्हता आणि कोणी जेवतही नव्हते. परिचितांकडून खोटे अभिप्राय लिहून घेतले गेले आणि पदार्थांची म्हणून जी छायाचित्रे प्रसिद्ध झाली, त्यांत दाढीच्या फेसाचाही उपयोग केलेला होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते अस्तित्वात नसलेले भोजनगृह लंडन शहराच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले. अन्न नसतानाही अन्नाची कीर्ती उभी राहू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

वैद्याला या माध्यमाकडे पाहताना ही दोन्ही उदाहरणे ध्यानी ठेवावी लागतात. खऱ्या मिसळीला जे साधन कीर्ती देते, तेच साधन नसलेल्या जेवणालाही देते. मध्ये कसोटी लावणारा कोणी नसतो. म्हणूनच उपाहारगृहवाल्याला कसोटीचा आभास निर्माण करणारा कोणीतरी हवा असतो, आणि तो शोधीत तो वैद्याच्या दारी येतो.

एक चूक

असाच एक मालक काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या आरंभी माझ्याकडे आला. माणूस सरळ होता. टाळेबंदीनंतर कर्ज काढून त्याने उपाहारगृह पुन्हा उभे केले होते. मी मोबदला घेतला नाही. ऋतुचर्येचे चार शब्द लोकांच्या कानी पडतील, एवढाच हेतू धरून मी मिनिटभर बोललो. वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो, म्हणून अन्न लघू, ताजे आणि उष्ण असावे. मुगाचे कढण घ्यावे, सुंठ वापरावी, पोटात थोडी जागा ठेवून जेवावे. यात शास्त्राला सोडून काही नव्हते.

दिवाळीच्या सुमारास माझे एक जुने रुग्ण आले. वय साठीच्या घरात, अनेक वर्षांचा मधुमेह, पथ्य काटेकोर पाळणारे. त्यांची रक्तशर्करा त्या खेपेस बरीच वाढली होती. कारणांचा शोध घेताना त्यांनी सांगितले की ते महिनाभर रोज दोन गुळाचे लाडू खात होते. मी आश्चर्याने विचारले तेव्हा ते किंचित दुखावलेल्या स्वरात म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच तर सांगितलंत. मुलीने मोबाइलवर दाखवलं."

मी तो व्हिडिओ पाहिला. चेहरा माझा होता आणि आवाजही माझाच होता. माझ्या मिनिटभराच्या बोलण्यातील "ताजे असावे, पोटाला मानवते" एवढा तुकडा उचलून तो लाडवांच्या चित्रावर बसविला होता. खाली ओळ होती: "साखर नाही, फक्त गूळ. मधुमेहींसाठी निर्धोक. वैद्यांचा सल्ला."

प्रमेहाच्या निदानात चरकाचार्यांनी दही, नवान्न यांच्या बरोबरीने गुडवैकृत, म्हणजे गुळाचे पदार्थ, स्पष्टपणे गणले आहेत. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे ज्ञात असते. आधुनिक दृष्टीने पाहिले तरी गुळाचा मोठा अंश शर्कराच आहे. म्हणजे जे निदान आहे तेच पथ्य म्हणून, आणि तेही माझ्या मुखाने, माझ्याच रुग्णास सांगितले गेले होते.

मालकाकडे गेलो. तो मनापासून ओशाळला. गूळ हा आयुर्वेदिक, म्हणून तो मधुमेहाला चालतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. व्हिडिओ जोडण्याचे काम त्याने बाहेर दिले होते आणि त्या कारागिराने आपली करामत केली होती. मालकाने आपल्या पानावरून तो व्हिडिओ त्याच दिवशी काढून टाकला. पण तोवर तो व्हॉट्सॲपवरून किती घरांत गेला होता याची गणना त्यालाही नव्हती आणि मलाही नाही. पुढे वर्षभर मधूनमधून कोणीतरी तो मला दाखवीत असे. औषधाची चूक झाली तर त्या एका रुग्णास बोलावून सुधारता येते. ही चूक सुधारण्यासाठी कोणाला बोलवावे, हेच कळत नव्हते.

मी दोष मालकाला देऊन मोकळा होऊ शकलो असतो. परंतु विचारांती असे दिसते की मूळ चूक माझीच होती. वाक्य शास्त्रशुद्ध असले म्हणजे आपले काम संपले, असे मी मानले. ते वाक्य कोणाला उद्देशून आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

आठ आयतने आणि एक मिनिट

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील आहारविधिविशेषायतने आपणा सर्वांस मुखोद्गत आहेत: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. उपाहारगृहाच्या जाहिरातीला ही आठ आयतने लावून पाहिली असता सत्य कोठवर जाते आणि असत्य कोठे सुरू होते, याची सीमा स्वच्छ दिसते.

प्रकृती म्हणजे द्रव्याचा स्वभाव. मूग लघू, उडीद गुरू, हे जाहिरातीत सांगता येते. करण म्हणजे संस्कार. भात जुन्या तांदळाचा आहे, ताक घुसळलेले आहे, तळण्यासाठी तेच तेल पुन्हा वापरलेले नाही, हे सांगता येते, दाखविताही येते. संयोगाचेही तसेच आहे. कोणत्या पदार्थात काय पडले आहे हे लिहिता येते. वाटी केवढी, हे दाखवून राशीचा एक भाग सांगता येतो. देश आणि ऋतू यांच्या अनुरोधाने मांडणी करता येते. थंडीत बाजरीची भाकरी लोण्यासह आणि ग्रीष्मात कोकमाचे सरबत, ही तर आपल्या भूमीची जुनी रीत आहे. उपयोगसंस्थेतील काही नियमही सांगता येतील: उष्ण असतानाच जेवावे, फार घाईने जेवू नये, आधीचे अन्न पचल्यावर जेवावे.

राहिले आठवे आयतन, उपयोक्ता. येथे जाहिरात थांबते, थांबलीच पाहिजे. जेवणारा कोण आहे, त्याची प्रकृती काय, त्याचा अग्नी कसा, त्याला कोणता व्याधी आहे, त्याला काय सात्म्य आहे, हे चिकित्सालयात समोर बसलेल्या एका माणसाविषयीच ठरविता येते. समाजमाध्यमावरचा व्हिडिओ एकाच वेळी कफप्रकृतीच्या स्थूल मनुष्यास, वृक्कविकाराच्या रुग्णास, गर्भिणीस आणि सहा वर्षांच्या बालकास तेच सांगतो. त्याला उपयोक्ता दिसतच नाही. उपयोक्ता दिसत नसताना दिलेले पथ्य हे आयुर्वेदाच्या व्याख्येनेच पथ्य नव्हे.

यावर कोणी म्हणेल की यज्जःपुरुषीय अध्यायात रक्तशाली, मूग, सैंधव यांना आचार्यांनी स्वभावतः हिततम म्हटलेच आहे, मग ते सर्वांस का सांगू नये? खुशाल सांगावे. परंतु त्याच अध्यायात मात्रा, काल, क्रिया, भूमी, देह आणि दोष यांच्या अवस्थांनुसार हिताचे अहित होते हेही सांगितले आहे. पहिला भाग घेऊन दुसरा सोडणे हे शास्त्रवचनाची कात्री करण्यासारखे आहे. माझ्या व्हिडिओच्या बाबतीत त्या कारागिराने जे केले, ते आपण ग्रंथाच्या बाबतीत करू नये.

यावरून एक सोपी कसोटी हाती येते. पदार्थाविषयीचे विधान उपाहारगृहाने करावे. खाणाऱ्याच्या शरीराविषयीचे विधान करू नये. "हे कढण सालीच्या मुगाचे असून त्यात सुंठ व सैंधव आहे" हे विधान पदार्थाचे आहे. "हे कढण प्यायल्याने आमवात जातो" हे शरीराचे आहे. पहिल्याची सत्यासत्यता भटारखान्यात जाऊन पाहता येते. दुसऱ्याची पाहण्याचे ठिकाण उपाहारगृह नव्हेच.

सिद्धसाधित

चरकाचार्यांनी तिस्रैषणीय अध्यायात वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील छद्मचर आणि जीविताभिसर यांची चर्चा आपल्या सभांतून पुष्कळ होते. मधल्या प्रकाराकडे, सिद्धसाधिताकडे, मात्र आपले दुर्लक्ष होते. संपत्ती, यश वा ज्ञान यांनी जे खरोखर सिद्ध आहेत, त्यांच्या नावाचा आधार घेऊन स्वतः तसे नसताना जो मिरवतो, तो सिद्धसाधित. आजच्या जाहिरातीतील "आयुर्वेदिक" हे विशेषण पुष्कळदा याच जातीचे असते. थाळी तीच, तेल तेच, आचारीही तोच. शेजारी तांब्याचा पेला आणि तुळशीचे पान ठेवले की ती आयुर्वेदिक होते. दुधात आंबट फळे घातलेले पेय सात्त्विक म्हणून विकले जाते आणि तापविलेल्या मधाचे गोड पदार्थ आरोग्यदायी ठरतात. विरुद्धाहाराचे नियम ज्या शास्त्राने सांगितले, त्याच शास्त्राच्या नावाने विरुद्धाहार विकला जात आहे.

यात उसने दिले जाणारे नाव आपले आहे, हे विसरून चालणार नाही. एखाद्या वैद्याने पंधरा-वीस वर्षे रुग्ण तपासून जो विश्वास मिळविलेला असतो, तो एका मिनिटात दुसऱ्याच्या गल्ल्यावर जमा होतो. तो विश्वास वैद्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. ज्या रुग्णांनी तो ठेवला, त्यांचीही ती ठेव असते. लाडू खाणाऱ्या त्या गृहस्थांनी जाहिरातीवर विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी माझ्यावर ठेवला होता.

कायद्याची बाजू

शास्त्राने ज्यांचे समाधान होत नाही, त्यांनी कायदा अवश्य पाहावा. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ५३ अन्वये खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या विनियमांनुसार, विशेष अनुमती असल्याखेरीज कोणताही खाद्यपदार्थ रोग टाळतो वा बरा करतो असा दावा करता येत नाही. "आयुर्वेद आहार" या संज्ञेसाठी तर २०२२ मध्ये स्वतंत्र विनियम आले. अनुसूचीतील प्रमाणग्रंथांतील कृती, द्रव्ये वा प्रक्रिया यांना अनुसरून केलेलाच आहार त्यात बसतो, आयुर्वेदीय औषधे त्यातून वगळलेली आहेत आणि दोन वर्षांखालील बालकांसाठी असा आहार विहित नाही. म्हणजे ही संज्ञा आता कोणीही कोठेही लावावी अशी राहिलेली नाही.

शिफारस करणाऱ्याचे उत्तरदायित्वही आता स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २१ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केवळ व्यापाऱ्यासच नव्हे, तर तिची शिफारस करणाऱ्यासही दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय त्याला काही काळ शिफारस करण्यास मनाई करता येते. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी पुरेशी माहिती वा अनुभव असल्याखेरीज शिफारस करू नये आणि आर्थिक संबंध असल्यास तो उघड सांगावा, असे बंधन घातले. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यविषयक मजकूर प्रसृत करणाऱ्यांसाठी केंद्र शासनाने आणखी सूचना दिल्या. त्यांनुसार अशी माहिती देणाऱ्या पात्रताधारक चिकित्सकांनी आपली अर्हता उघड करावयाची आहे. "मी केवळ बोललो, विकले त्याने" हा बचाव यापुढे टिकण्यासारखा नाही.

उपाहारगृहाने काय सांगावे

निषेध करून वैद्याची सुटका होत नाही. आलेल्या मालकाला आपण नुसतेच परत पाठविले, तर तो दुसरीकडे जाईल. त्याला सांगण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते त्याच्या धंद्याच्याही हिताचे आहे.

प्रथम, जे गिऱ्हाइकाला खरोखर हवे असते ते आधी लिहावे: पत्ता, वेळ, आजचे पदार्थ, दर, पार्सलची सोय, सुटीचा वार. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक देयकावर छापणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहेच. तो आपल्या पानावरही ठळकपणे असावा.

दुसरे, भटारखाना दाखवावा. स्वच्छ ओटा, झाकलेली भांडी, निवडलेली भाजी, दळून आणलेले पीठ, तूप कढविण्याची क्रिया. अष्टांगहृदयातील अन्नरक्षाध्याय हा राजाच्या भोजनाच्या संरक्षणासाठी आहे. आज गिऱ्हाईक हाच राजा मानला, तर त्यास आपले अन्न कोठे व कसे शिजते हे पाहण्याचा अधिकार आहे. अशा चित्रासाठी खर्च लागत नाही, फक्त तसा भटारखाना असावा लागतो.

तिसरे, द्रव्यांची नावे पूर्ण लिहावीत. शेंगदाणे, तीळ, दूध, गहू यांचा उल्लेख असावा, कारण त्यांचे वावडे असणाऱ्यास तो अत्यावश्यक आहे. लाडवात गूळ आहे असे लिहावे, किती आहे तेही लिहावे, आणि तेथेच थांबावे. मधुमेही गिऱ्हाईक ते वाचून आपल्या वैद्यास विचारील.

चौथे, ऋतूनुसार पदार्थ बदलावेत आणि तो बदल सांगावा. दर दोन महिन्यांनी नवे सांगण्यासारखे काही असणे, यासारखी या माध्यमात दुसरी सोय नाही. भावप्रकाशादी निघंटू तर आहेतच, शिवाय क्षेमकुतूहल आणि भोजनकुतूहल यांसारख्या पाकविषयक ग्रंथांत इतकी सामग्री आहे की कोणास कल्पित गुण रचण्याची गरज भासू नये.

पाचवे, अभिप्राय विकत घेऊ नयेत. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले, यावरूनच हा रोग किती पसरला आहे ते दिसते. कोणी तक्रार लिहिली तर ती पुसू नये. सौम्य शब्दांत उत्तर द्यावे आणि दुसऱ्या दिवशी आमटीत सुधारणा करावी.

मालक हे ऐकून घेतो, असा माझा अनुभव आहे. माझ्या चुकीतला तो मालक आजही ऋतू बदलला की येतो. मी त्याच्या भटारखान्यात जातो, आचाऱ्याशी बोलतो, कोणत्या महिन्यात दही कमी करावे आणि ताक वाढवावे ते सांगतो आणि त्याचे शुल्क घेतो. पावती देतो. माझे नाव त्याच्या पाटीवर नाही, मेनूकार्डावर नाही आणि मोबाइलवरही नाही. लाडू तो अजूनही विकतो. त्यांच्या पाटीवर आता द्रव्यांची यादी आणि वजन आहे.

दोन आक्षेप

आमच्या काही तरुण सहकाऱ्यांचे म्हणणे असे की आपण बोललो नाही तर ते स्थान अपात्र माणसे घेतील. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण त्याचे उत्तर उपाहारगृहाच्या पानावर जाऊन बोलणे हे नव्हे. वैद्याने स्वतःच्या पानावर, स्वतःच्या पात्रतेसह, कोणाचेही दुकान मागे न ठेवता बोलावे. ऋतुचर्या सांगावी, विरुद्धाहार समजावावा आणि प्रत्येक वेळी "आपल्या प्रकृतीसाठी आपल्या वैद्यास विचारा" हे वाक्य बोलण्याच्या मध्यभागी घालावे. शेवटी घातलेले वाक्य कापता येते, मधले कापणे अवघड जाते. हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरा आक्षेप उत्पन्नाचा आहे. नव्याने चिकित्सालय उघडलेल्या वैद्यास जागेचे भाडे द्यावे लागते, आणि एका व्हिडिओचे मिळणारे पैसे अनेक दिवसांच्या तपासणी शुल्काएवढे असू शकतात. या अडचणीची टवाळी करणे मला शक्य नाही. आपण सर्वच त्या वाटेने आलो आहोत. परंतु आहारकल्पनेचे ज्ञान विकणे आणि नाव विकणे यांत अंतर आहे. भटारखान्याला सल्ला देणे हे वैद्याचे रास्त काम आहे आणि त्याचे रास्त मूल्य मागण्यात संकोच नसावा. तो सल्ला दरवर्षी पुन्हा देता येतो. नाव मात्र एकदाच विकले जाते. दुसऱ्यांदा त्याला तीच किंमत येत नाही.

एक विनंती

संघटनेच्या कार्यकारिणीस या निमित्ताने नम्र विनंती आहे. उपाहारगृहांना सल्ला देणाऱ्या सदस्यांसाठी एक पानी आचारपत्रक तयार करावे. त्यात तीन गोष्टी पुरेशा आहेत: सल्ला लेखी द्यावा व त्याची प्रत जवळ ठेवावी, आपले नाव, छायाचित्र वा आवाज जाहिरातीसाठी वापरू नये, अशी अट त्याच कागदावर लिहून घ्यावी, आणि रोगाचे नाव कोणत्याही पदार्थाशेजारी येऊ देऊ नये. अशी छापील प्रत टेबलावर असली, म्हणजे समोरच्या भल्या माणसास नकार देणे सोपे जाते. नकार वैयक्तिक राहत नाही, तो व्यवसायाचा नियम होतो.

मी त्या रुग्णांची क्षमा मागितली. त्यांनी ती मोठ्या मनाने केली आणि पुढील काही महिन्यांत त्यांची रक्तशर्करा पूर्ववत झाली. मात्र तेव्हापासून पथ्य सांगितले की ते माझे वाक्य कागदावर उतरवून घेतात आणि खाली मला सही करावयास लावतात. ते हे विनोदाने करतात की सावधपणे, हे मी त्यांना विचारलेले नाही. सही करतो.